लग्नाचा सीझन चातुर्मासात उभा राहतो

तुळशीचं लग्न लागलं की महाराष्ट्रातल्या फोटोग्राफरची धावपळ सुरू होते. मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन करत ती वैशाख-ज्येष्ठात शिगेला पोचते आणि आषाढी एकादशी आली की डायरीची पानं कोरी दिसू लागतात. कार्तिकी एकादशीपर्यंतचे हे चार महिने अनेकांना खिशावरचं संकट वाटतात. कुणी मिळेल ते काम पडेल त्या भावात घेतो, कुणी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून बसतो, कुणी नव्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघत दिवस काढतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. सीझनमध्ये आपल्याला विचार करायला फुरसत नसते. मंगलाष्टकं सुरू असताना, आजूबाजूला नातेवाइकांचे मोबाइल उंचावलेले असताना आणि व्हिडिओवाल्याचा लाइट मध्येच डोळ्यांवर आलेला असताना हात सवयीनंच चालतात. त्या सवयी चांगल्या असतील तर काम चांगलं होतं. त्या बसवायला लागणारा सलग वेळ वर्षात मुख्यतः या महिन्यांत मिळतो. म्हणून चातुर्मासाकडे रिकामा वेळ म्हणून न बघता कामाचाच दुसरा भाग म्हणून बघा.

आधी आपला मोकळा वेळ नेमका कुठे आहे ते शोधा. तो फक्त चातुर्मासात नसतो. पौषात बरीच घरं लग्न करत नाहीत. अधिक मासातही कार्यं टाळली जातात: २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यानं चातुर्मास पाच महिन्यांचा झाला होता, आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन उन्हाळी सीझनच्या मध्यावर येतो. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त असल्यानं मुहूर्त हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. उलट बाजूनं पाहिलं तर चातुर्मासातही काढीव मुहूर्तांवर लग्नं होतात, नोंदणी विवाह तर बाराही महिने होतात. पुढच्या वर्षाची दिनदर्शिका दिवाळीच्या सुमारास बाजारात येते. ती घेऊन मुहूर्ताच्या दिवसांवर एका रंगानं आणि कोरड्या आठवड्यांवर दुसऱ्या रंगानं खुणा करून ठेवा. सुट्टी, दुरुस्ती, शिक्षण आणि पैशाचं नियोजन या खुणांवर बेतायचं आहे.

दुसरं काम एका वहीचं. गेल्या सीझनमधल्या प्रत्येक ऑर्डरसमोर एकच गोष्ट लिहा: कुठे अडलं? कार्ड भरलं, फ्लॅश पेटला नाही, सहायक उशिरा आला, पार्टीनं ऐनवेळी जास्तीचं काम सांगितलं, अल्बम महिनोन् महिने रखडला, शिल्लक पैसे बुडाले. तीस-चाळीस नोंदी झाल्या की तीन-चार कारणं पुन:पुन्हा दिसतील. या चार महिन्यांत काय करायचं ते हीच कारणं ठरवतील. इतर फोटोग्राफर काय शिकताहेत, काय विकत घेताहेत, याचा विचार नंतर करा.

आषाढ: आधी देणी फेडा

नवं काही सुरू करण्याआधी जुन्या ऑर्डरी पूर्ण करा. लग्न वैशाखात झालं आणि अल्बम दिवाळीनंतर मिळाला, तर फोटो कितीही सुंदर असोत, त्या घरातून पुढचं नाव सुचवलं जात नाही. आपला व्यवसाय शिफारशीवर चालतो, आणि शिफारस अल्बम हातात पडतो त्या दिवशी ठरते.

सगळ्या अपुऱ्या ऑर्डरींचा एक तक्ता करा. रकाने इतकेच हवेत: पार्टीचं नाव, फोटो निवड झाली का, डिझाइन, प्रूफ, लॅब, व्हिडिओचं मिक्सिंग, शिल्लक रक्कम. तक्ता भरताना दिसेल की बरेच अल्बम आपल्याकडे अडकलेले नसून निवडीपाशी अडकले आहेत. याचं कारण बहुतेकदा आपणच दिलेलं असतं. बारा बाय छत्तीसच्या चाळीस शीटच्या अल्बमात एका शीटवर सरासरी चार-पाच फोटो धरले तर दीडशे ते दोनशे फोटो लागतात. आपण मात्र चार हजार फोटो पेन ड्राइव्हवर टाकून देतो. नुकतंच लग्न झालेल्या, नोकरीच्या गावी परतलेल्या जोडप्याला त्यातून दोनशे निवडणं जमत नाही. त्यांना कामाची टाळाटाळ करायची नसते, ते फोटोंच्या ढिगाऱ्यापुढे थकलेले असतात. तुम्हीच पाचशे फोटो निवडून, विधींच्या क्रमानं लावून द्या आणि पंधरा दिवसांची तारीख सांगा. त्या तारखेपर्यंत निवड आली नाही तर तुमच्या निवडीवर डिझाइन सुरू होईल, हेही नम्रपणे कळवा. काम लगेच हलेल.

प्रूफ पाठवण्याआधी तीन गोष्टी स्वतः तपासा. पहिली, नावं आणि तारीख: आडनावाची वेलांटी चुकलेला अल्बम घरातल्या ज्येष्ठांना कायमचा खुपतो. दुसरी, उलटवलेले फोटो. तयार टेम्प्लेटमध्ये जागा साधायला डिझायनर फोटो आरशासारखा उलटा करतो. मग पदर भलत्या खांद्यावर जातो, विधीत डावी-उजवीकडे बसण्याचा क्रम उलटतो आणि मंडपावरची अक्षरं वाचता येत नाहीत. तिसरी, माणसं. दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, भावंडं अल्बमात आहेत का? एखाद्या आत्याचा एकही फोटो नसणं हे त्या घरात वर्षानुवर्षं बोललं जातं.

डेटा: तीन प्रती, दोन माध्यमं, एक प्रत बाहेर

आषाढातलंच दुसरं काम डेटाचं. हिशेब मांडला की त्याचं वजन कळतं. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे चार हजार फोटोंना शंभर ते एकशेवीस जीबी जागा लागते. सेकंदाला १०० मेगाबिट दरानं केलेलं फोर-के चित्रीकरण तासाला ४५ जीबी घेतं. दोन व्हिडिओ कॅमेरे सहा-सहा तास चालले तर ५४० जीबी. एक लग्न सहज अर्ध्या टीबीच्या वर जातं.

अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम यासाठी पुरेसा आहे. प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. स्टुडिओत दोन हार्ड डिस्क शेजारी-शेजारी ठेवल्या तर चोरी, आग किंवा पुराचं पाणी दोन्ही एकदमच नेतं. तिसरी प्रत घरी, भावाकडे किंवा क्लाउडवर ठेवा. निदान निवडक फोटो, अल्बमच्या फाइली आणि तयार फिल्म तरी क्लाउडवर असू द्या.

प्रत केली म्हणजे झालं असं मानू नका. प्रत्येक डिस्क जोडून तिच्यातले चार-दोन फोल्डर उघडून बघा, आरोग्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिची स्थिती बघा, आणि पाच-सहा वर्षं वापरलेली डिस्क एकमेव प्रत म्हणून ठेवू नका. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-तारीख आणि दोन्ही आडनावं अशा एकाच पद्धतीनं द्या, म्हणजे पाच वर्षांनी फोन आला तरी लग्न मिनिटभरात सापडतं. पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते. कॉपी सुरू असताना वीज गेली तर डिस्क बिघडू शकते, म्हणून संगणकाला यूपीएस हवाच.

श्रावण: दमट हवेशी सामना

कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर पावसाळ्यात सामान वापरात नसताना जास्त बिघडतं. सापेक्ष आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरण्याची शक्यता वाढते. तिचे कोळिष्टकासारखे तंतू काचेवरचा लेप खातात, आणि उशीर झाला तर साफ करूनही डाग राहतो.

सामान ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम. नसेल तर रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर भागतं. निळी सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी झाली, किंवा केशरी असेल ती हिरवी झाली, की गरम करून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं रसायन असतं, म्हणून ती स्वयंपाकाच्या भांड्यात गरम करू नका. आर्द्रता ३० टक्क्यांच्या खालीही नेऊ नका, कारण रबर आणि आतलं वंगण सुकतं. चामड्याच्या केसमध्ये किंवा बॅगेत लेन्स महिनोन् महिने ठेवू नका, बॅगेचा फोमही ओल धरतो. एखाद्या लेन्सला बुरशी दिसली तर ती ताबडतोब वेगळी काढा आणि जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्या.

लिथियम बॅटऱ्या महिनाभर पडून राहणार असतील तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नका, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा. ट्रिगरमधले आणि फ्लॅशमधले सेल काढून ठेवा, सेल गळला की आतले संपर्कबिंदू गंजतात. प्रत्येक फ्लॅश महिन्यातून एकदा पेटवा, म्हणजे त्याचा कपॅसिटर चांगला राहतो. सेन्सरची सफाई, फर्मवेअर, ढिले झालेले रबर, पट्ट्यांच्या कड्या हे सगळं आताच बघा, कारण कार्तिकात दुरुस्तीवाल्याकडे रांग लागते. डीएसएलआर वापरत असाल तर शटर किती वेळा पडलं आहे तेही तपासा. निकॉन डी८५० चं शटर दोन लाख वेळांसाठी आणि कॅनन ५डी मार्क ४ चं दीड लाख वेळांसाठी चाचणीत उतरलेलं आहे. लग्नामागे चार हजार क्लिक धरले तर दीड लाखाचा टप्पा ३७-३८ लग्नांत येतो. त्यानंतर शटर लगेच जातंच असं नाही, पण तो कॅमेरा आता एकट्याच्या भरवशावर न्यायचा नाही.

श्रावण म्हणजे मंगळागौरही

गेल्या सीझनमध्ये ज्या मुलीच्या लग्नाचे फोटो तुम्ही काढले, तिची या श्रावणात पहिली मंगळागौर असते. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी हे व्रत होतं. मग दिवाळसण येतो, संक्रांतीला हलव्याचे दागिने येतात, पुढे डोहाळेजेवण, बारसं, बोरन्हाण. एकाच घरात चार-पाच वर्षांत सहा-सात प्रसंग होतात आणि त्यातले बरेचसे लग्नाच्या मुहूर्तांवर अवलंबून नसतात. याच घरांत कुणाची साठी असते, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन.

हे काम तुम्हाला मिळावं यासाठी मोठी जाहिरात लागत नाही. आषाढ संपायच्या आत गेल्या दोन सीझनमधल्या प्रत्येक जोडप्याला एक व्यक्तिगत निरोप पाठवा. सोबत त्यांच्याच लग्नाचा, त्यांनी कदाचित न पाहिलेला, एक छानसा फोटो पाठवा. मंगळागौरीसाठी दोन-तीन तासांचं, एका फोटोग्राफरचं, छोट्या अल्बमचं पॅकेज आधीच ठरवून ठेवा. लग्नाच्या पॅकेजची तोडमोड करून किंमत सांगू नका.

मंगळागौर हा उत्तम सरावही आहे. घरातला मर्यादित उजेड, नऊवारी आणि नथीचे बारकावे, आणि वेगानं फिरणाऱ्या फुगड्या. फुगडी गोठवायची असेल तर शटर १/२५० च्या पुढे न्या. गती दिसू द्यायची असेल तर १/३० च्या आसपास उतरून चेहरा मध्ये धरण्याचा सराव करा. वरातीत याच हातखंड्याचा उपयोग होतो.

भाद्रपद: स्वतःचं काम बघा, मग सराव करा

आपण आपले निवडलेलेच फोटो पुन:पुन्हा बघतो. त्यातून शिकायला फार मिळत नाही. एखादं लग्न निवडा आणि त्याच्या सगळ्या रॉ फाइली, न गाळता, क्रमानं बघा. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी तुम्ही कुठे होता? वधूचा चेहरा दिसतो की गुरुजींची पाठ? अक्षता उडताना फोकस कुठे गेला? पाठवणीत आईचा चेहरा आहे का? जिथे क्षण हुकला तिथे कारण लिहा: जागा चुकली, लेन्स चुकली, की डोळा दुसरीकडे होता. पाच लग्नं अशी बघितली की स्वतःची खोड नेमकी सापडते.

लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो लेन्सनुसार आणि फोकल लांबीनुसार वेगळे करता येतात. अल्बमात गेलेल्या फोटोंवर हे करून बघा. निम्म्याहून जास्त फोटो एकाच लेन्सचे निघाले, तर तीच लेन्स उत्तम स्थितीत ठेवणं आणि तिचीच पर्यायी सोय करणं नव्या कॅमेऱ्याहून महत्त्वाचं आहे. एखादी वस्तू घ्यायचीच असेल तर आधी दोन कामांसाठी भाड्यानं आणून बघा.

सरावासाठी गणेशोत्सवासारखी शाळा नाही. मंडपातले रंगीत एलईडी, पिवळे हॅलोजन आणि बाहेरचा संध्याकाळचा उजेड हे सगळं एकाच चौकटीत येतं, अगदी लग्नाच्या हॉलसारखं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोटोत किंवा व्हिडिओत पट्टे दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणून बघा. स्टेजमागच्या एलईडी वॉलची गती मात्र वेगळी असते, तिथे शटर हळूहळू बदलत पट्टे जाईपर्यंत शोधावं लागतं. हे लग्नाच्या स्टेजवर शिकता येत नाही, मंडळाच्या मंडपात येतं. ढोल-ताशा पथकात चेहरे टिपा, गर्दीत उलटं चालण्याचा सराव करा, आणि गुलालापासून कॅमेरा वाचवायला शिका. गुलाल किंवा हळद उडाली तर आधी ब्लोअरनं कोरडी झाडा, मगच पुसा. ओलं फडकं आधी लावलं तर रंग फटींत जातो. कार्यकर्त्यांची आणि माणसांची परवानगी घेऊनच फोटो काढा.

भाद्रपदाच्या थोडं आधी, १९ ऑगस्टच्या आसपास, गावोगावच्या फोटोग्राफर संघटना जागतिक छायाचित्रण दिन साजरा करतात. १८३९ साली याच तारखेला फ्रान्समध्ये दागेरोटाइप ही पद्धत जगासाठी खुली करण्यात आली. अशा कार्यक्रमात फक्त सत्काराला न जाता चार जणांनी एकमेकांचा एकेक अल्बम मोकळेपणानं तपासायचं ठरवलं, तर त्या दिवसाचा खरा उपयोग होईल. चेहऱ्यांचा अभ्यास करायचा असेल तर गौतम राजाध्यक्ष यांची व्यक्तिचित्रं शोधून बघा. प्रकाश कुठून येतो, हात कुठे ठेवले आहेत, नजर कुठे आहे, हे प्रत्येक चित्राखाली लिहून काढा.

विधी समजून घ्या

चांगला लग्नाचा फोटोग्राफर पुढचा विधी दोन मिनिटं आधी ओळखतो. ओळखीच्या गुरुजींना या दिवसांत थोडी सवड असते. त्यांच्याजवळ तासभर बसा आणि गौरीहर, सीमांतपूजन, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांचा क्रम, प्रत्येकाला लागणारा वेळ आणि कोण कुठे बसतं, हे लिहून घ्या. लाजाहोमाच्या वेळी मुलीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. हा क्षण दहा सेकंदांचा असतो आणि त्यात दोन्ही घरं हसतात. तिथे धुराच्या विरुद्ध बाजूला आधीच बसायला हवं. सूनमुखात सासू आरशात सुनेचा चेहरा बघते. तो फोटो अनेकांचा धूसर येतो, कारण फोकस आरशाच्या चौकटीवर राहतो. आरशातला चेहरा चौकटीपेक्षा दूरच्या अंतरावर असल्यासारखा फोकस करावा लागतो. घरच्या आरशासमोर दोन जणांना बसवून दहा मिनिटांत हे जमवता येतं.

आपल्या जातीधर्मापलीकडच्या लग्नांचाही अभ्यास करा. बौद्ध विवाहात त्रिसरण-पंचशील असतं, वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत असतात. पांढरं कापड कॅमेऱ्याच्या मीटरला फसवतं आणि फोटो काळवंडतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वर न्या. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत नारळाच्या रसाचा रोस हा हळदीसारखाच देखणा प्रसंग असतो. चर्चमध्ये फ्लॅश कधी चालतो ते फादरना आधी विचारावं लागतं. निकाहात बायकांच्या बाजूला कोण फोटो काढणार हे घरच्यांशी आधी ठरवावं लागतं, म्हणून टीममध्ये एखादी महिला फोटोग्राफर असणं ही मोठी सोय असते. आगरी-कोळी घरांत हळदीचा दिवस लग्नाइतकाच मोठा असतो, तिथे हळदीला एकच माणूस पाठवणं चुकीचं ठरतं. या समाजांपैकी कित्येकांची लग्नं चातुर्मासाच्या बंधनात नसतात, हाही त्यातला व्यावहारिक भाग आहे.

आश्विन: कागद आणि दर

नवरात्रापासून चौकशीचे फोन वाढतात. त्याआधी करारनामा तयार ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ प्रत्येक फोटोग्राफरला माहीत असायला हवं. मोबदला देऊन, एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारी व्यक्ती असते. म्हणजे करार न करता तुम्ही तेच फोटो जाहिरातीत वापरलेत आणि पार्टीनं हरकत घेतली तर तुमची बाजू लंगडी पडते. करारात फोटो तुमच्या कामाचा नमुना म्हणून वापरण्याची लेखी परवानगी घ्या. लहान मुलांचे आणि घरातले खासगी फोटो त्यातून स्वतःहून वगळा.

त्याच कागदावर हेही लिहा: किती तास, किती माणसं, किती शीट, अल्बम किती दिवसांत, निवडीची मुदत, जास्तीच्या तासाचा दर, तारीख बदलली किंवा लग्न मोडलं तर अॅडव्हान्सचं काय, आणि डेटा किती काळ जपला जाईल. दोन पानं पुरतात. ती साध्या मराठीत असावीत आणि सही घेताना वाचून दाखवावीत. हायलाइट फिल्मवर चित्रपटातलं गाणं लावून ती इंटरनेटवर टाकली तर मालकाचा दावा येऊ शकतो, म्हणून परवाना असलेलं संगीत याच दिवसांत निवडून ठेवा.

ड्रोन वापरत असाल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा. ड्रोनची नोंदणी आणि ओळख क्रमांक लागतो, आणि २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. दहावी उत्तीर्ण, १८ ते ६५ वयाच्या कुणालाही मान्यताप्राप्त संस्थेत ते प्रशिक्षण घेता येतं. त्यासाठी सीझनपूर्वीचे हे दिवसच योग्य. विमानतळांजवळच्या मंगल कार्यालयांचं हवाई क्षेत्र नकाशावर आधीच तपासा.

आता दर. शेजारच्यापेक्षा दोन हजार कमी ही दर ठरवण्याची रीत नव्हे. समजा, भाडं, वीज, सॉफ्टवेअर, विमा, हप्ते आणि सामानाची झीज मिळून वर्षाला ४ लाख ८० हजार खर्च आहे, घरखर्च ६ लाख आहे, आणि वर्षात ३६ ऑर्डरी होतात. तर टीम, अल्बम आणि प्रवासाचे पैसे दिल्यावर प्रत्येक ऑर्डरीत सरासरी ३० हजार उरायलाच हवेत. आपले आकडे घालून हा हिशेब करा, मग भाव करताना कुठे थांबायचं ते कळेल. महाराष्ट्रात सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते आणि फोटोग्राफीला १८ टक्के दर लागतो. कोटेशनमध्ये रक्कम करासह आहे की कराशिवाय, ते स्पष्ट लिहा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून ठेवा. बँकेकडे कर्जाला गेल्यावर तिचा उपयोग होतो.

चातुर्मासाची पैशाची चणचण चातुर्मासात सुटत नाही, ती वैशाखात सोडवावी लागते. सीझनमधली सगळी कमाई एका वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिथून दर महिन्याला घरासाठी ठरलेला पगार घ्या, बाराही महिने सारखा. यंदा ते जमलं नसेल तर येत्या सीझनच्या पहिल्या ऑर्डरीपासून सुरू करा.

माणसं आणि शरीर

सहायक, दुसरा फोटोग्राफर, मिक्सिंगवाला यांच्याशी सीझनचे दर आणि तारखा आताच बोला आणि त्यांचे जुने पैसे राहिले असतील तर आधी द्या. कार्तिकाच्या आधी एक दिवस सगळ्यांनी मिळून रिकाम्या हॉलमध्ये तालीम करा: कोण कुठे उभा राहील, कोणाच्या चौकटीत कोण येतो, कार्ड कधी बदलायचं.

पाठ आणि गुडघे हीही आपली साधनं आहेत. दोन कॅमेरे एका खांद्यावर लटकवत असाल तर दोन्ही खांद्यांवर भार विभागणारा पट्टा घ्या आणि पाठीचे व्यायाम आता सुरू करा. कानांकडेही लक्ष द्या. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, पण १०० डेसिबलला ती मर्यादा फक्त १५ मिनिटांवर येते. डीजेसमोर आपण त्याहून कितीतरी जास्त वेळ उभे असतो. साधे इअरप्लग बॅगेत ठेवा आणि वापरा.

आणि घरच्यांना वेळ द्या. सीझनमधले सगळे रविवार, सगळ्या सुट्ट्या दुसऱ्यांच्या घरी जातात. या महिन्यांतले काही दिवस कॅलेंडरवर आधी घरासाठी राखा आणि त्या दिवशी फोन आला तरी ऑर्डर घेऊ नका.

दिवस थोडेच असतील तर

हे सगळं एका चातुर्मासात होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. हातात पंधराच दिवस असतील तर तीन कामं करा: रखडलेले अल्बम पोचवा, प्रत्येक लग्नाची दुसऱ्या जागी एक प्रत ठेवा, आणि दोन पानी करार लिहून काढा. महिनाभर असेल तर पाच लग्नांच्या रॉ फाइली बघणं आणि गुरुजींजवळ बसणं यांची भर घाला. सराव, ड्रोन, तालीम हे त्यानंतर. जे राहील ते वहीत लिहून पौषासाठी ठेवा, तेव्हाही तारखा मोकळ्या असतात. यंदा एक सवय पक्की बसली तरी कार्तिकातल्या पहिल्या लग्नात तिचा फरक तुमच्या फोटोंत दिसेल, आणि त्या घरातून येणाऱ्या पुढच्या फोनमध्येही.